दात खाणाऱ्यांचे डॉक्टर

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका म्हशीसमोर उभे होते.

लग्न होऊन मी सांगलीहून हुबळीला आले त्या दिवसाची गोष्ट. स्टेशनवरून निघालेला आमचा टांगा बाजाराच्या तोंडाशी अडकला. रस्त्यात एक म्हैस बसून निवांत रवंथ करत होती आणि तिच्या पुढ्यात, हात पाठीशी बांधून, काळा कोट आणि धोतर अशा वेषातले एक गृहस्थ वाकून उभे होते. म्हशीचा जबडा डावीकडे सरकला की त्यांचाही सरके. तो फिरून उजवीकडे आला की यांचाही येई. म्हशीचा मालक काकुळतीला येऊन कन्नडमध्ये काहीतरी विनवत होता.

"डॉक्टर, वाट द्या की!" आमच्या यजमानांनी टांग्यातून हाक मारली.

गृहस्थांनी मान न वळवता एक हात वर केला. थांबा, असा त्याचा अर्थ.

"कोण हो हे?" मी हळूच विचारलं.

"आपले शेजारी. दातांचे डॉक्टर."

"आणि तो मालक काय म्हणतोय?"

"म्हशीला दृष्ट लागेल म्हणतोय. एकदा थुंका म्हणतोय तिच्यावर."

डॉक्टर काही थुंकले नाहीत. त्यांना थुंकणं शक्यच नव्हतं, हे मला पुढे कळलं. त्यांच्या तोंडात त्या वेळी वरच्या दातांवर बसवलेली रबराची एक पट्टी होती, आणि ती संध्याकाळपर्यंत काढायची नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं.

त्यांचा दवाखाना कोप्पीकर रोडपासून जवळच होता आणि दवाखान्यामागे त्यांचं घर. त्या घराची एक भिंत आमच्या स्वयंपाकघराला लागून. गावात सगळे त्यांना 'हल्लिन डॉक्टर' म्हणत. हल्लु म्हणजे दात. मुंबईत एका नामांकित दंतवैद्याच्या हाताखाली ते शिकले होते. हुबळीत तेव्हा दातांचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा, एवढीच लोकांची समजूत. यांना मात्र उपटण्याचा मनापासून कंटाळा. रोगी आत आला की आधी त्याला खुर्चीत न बसवता बाकावर बसवत आणि एक भाजलेली शेंग हातात देत. "खा," म्हणत. तो शेंग खाई आणि हे बघत बसत. माणूस कुठल्या बाजूने चावतो, ओठ मिटून चावतो की उघडे ठेवून, चावताना कपाळाला आठ्या घालतो की नाही, हे पाहून झाल्याशिवाय त्यांचं काम सुरू होत नसे. दाढ ठणकत असलेला एखादा बिचारा शेंग बघूनच रडवेला होई.

लग्नाच्या पंगतीत ते समोरच्या ओळीकडे बघत जेवत. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. आमच्या गल्लीतल्या एका वकिलांना ते रस्त्यात ओळख देत नसत, म्हणून वकील रागावलेले होते. एकदा त्याच वकिलांनी जांभई दिली आणि डॉक्टर आनंदाने ओरडले, "अरे, तुम्ही होय!"

त्यांच्या पत्नीला मी अक्का म्हणत असे. धिप्पाड, हसऱ्या, कामाला वाघीण. दवाखान्यातलं प्लास्टर कालवण्यापासून रबर शिजवायच्या छोट्या बंबाखाली विस्तव राखण्यापर्यंत सगळं त्या करत. त्या सांगत, "मला बघायला आले तेव्हा यांनी माझं तोंड म्हणून पाहिलं नाही. पोहे खाताना दात तेवढे बघितले. घरी जाऊन आईला म्हणाले, वरचा एक सुळा जरा फिरलेला आहे, पण दाढा फार छान आहेत. एवढ्यावर लग्न ठरलं बघ."

रबराच्या त्या पट्टीला डॉक्टर 'गादी' म्हणत. दातांची गादी. माणसाच्या तोंडाचा ठसा घ्यायचा, त्यावरून प्लास्टरचे दात ओतायचे, त्या दातांवर बेतून रबर बसवायचं आणि बंबात शिजवायचं. शिजताना गंधकाचा असा वास सुटे की आमच्या घरातल्या आमटीलाही तो लागे. ज्याची गादी त्यालाच बसे, दुसऱ्याला नाही. रेल्वे कॉलनीत मुष्टियुद्ध खेळणारे तरुण होते, ते त्यांच्याकडे येत. हॉकीवाले येत. खेळणाऱ्यासाठी मऊ रबर, झोपेत दात खाणाऱ्यासाठी कडक, असा त्यांचा हिशेब. मुष्टियुद्ध बघायला ते हौसेने जात आणि घरी आल्यावर कोण जिंकलं हे विचारलं तर त्यांना सांगता येत नसे.

प्रत्येक नव्या तऱ्हेचं रबर ते आधी स्वतःच्या तोंडात घालून बघत. मी नवी नवरी असताना एका सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला.

"मार! मार म्हणतो ना! अगं, जोरात!"

पाठोपाठ काहीतरी थाडकन वाजलं. माझ्या हातातलं ताट पडलं. सासूबाई शांतपणे भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "घाबरू नको. अक्का लाटण्याने हाणते आहे. नवी गादी तपासतात ते."

त्या गादीपायी त्यांनी एकदा कुस्तीच्या आखाड्यात मार खाल्ला. तो प्रसंग मी पाहिलेला नाही, यजमानांनी पाहिला होता, पण त्यांनी तो इतक्यांदा सांगितला की मीच तिथे बसले होते असं वाटतं. जुन्या हुबळीतल्या एका तालमीचा पैलवान, गडी चांगला, पण प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याची धडक बसून त्याचा पुढचा एक दात गेलेला. उरलेले राखायचे म्हणून डॉक्टरांनी त्याला गादी करून दिली. पैलवान ती घालून लाल मातीत उतरला मात्र, समोरच्या तालमीच्या वस्तादाने कुस्ती अडवली.

"तोंडात काय आहे त्याच्या? आधी दाखवा!"

कुणी म्हणालं औषध आहे, कुणी म्हणालं मंतरलेली मुळी आहे. पंचांनी पैलवानाला तोंड उघडायला लावलं. आत काळसर तपकिरी काहीतरी बघून लोक आणखीच बिथरले. तेव्हा आमचे डॉक्टर धोतर सावरत मातीत शिरले. त्यांच्या तोंडात त्यांची स्वतःची गादी होतीच. ती काढून त्यांनी चारी बाजूंना दाखवली, पुन्हा बसवली आणि त्या वस्तादापुढे हनुवटी करून म्हणाले, "हाणा."

रबरामुळे तो शब्द धड उमटला नाही. वस्तादाला वाटलं, यांनी शिवी दिली. त्याने खरोखरच एक ठेवून दिली. डॉक्टर मातीत बसले. डॉक्टरांनी बसल्याबसल्या गादी काढली, जिभेने एकेक दात चाचपला, आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "एल्ला अदावऽ! सगळे आहेत!"

लोक हसता हसता लोळायचे बाकी राहिले. गादीला परवानगी मिळाली. पैलवान ती कुस्ती हरला. पण डॉक्टरांच्या लेखी तो जिंकला होता, कारण तो सगळे दात घेऊन घरी गेला होता.

पुढे लढाई आली आणि रबर मिळेनासं झालं. त्या दिवसांत त्यांनी काय काय शिजवून पाहिलं! सायकलच्या जुन्या ट्यूबा, चांभाराकडचं कातडं, फणसाचा चीक. फणसाच्या चिकाने त्यांचे स्वतःचे वरचे आणि खालचे दात असे चिकटले की अक्कांनी खोबरेल तेल ओतून ओतून ते सोडवले. तोंड मोकळं होताच ते म्हणाले, "चीक उत्तम आहे. फक्त मागे येत नाही."

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. लोक त्यांच्या या गमतीच सांगतात. मला मात्र त्यांची आठवण निघाली की आमच्या घरात घडलेलं आठवतं.

मी झोपेत दात खात असे. हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. ज्याचे दात वाजतात त्याला ते कधी ऐकू येत नाहीत. माहेरी आम्ही भावंडं एका ओळीत झोपायचो, कुणी काही बोललं नव्हतं. सासरी आल्यावर थोड्याच दिवसांत सासूबाईंनी विचारलं, "झोपेत काय चावतेस गं?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

दात खाणारी बाई घर खाते, अशी एक समजूत आहे. माझ्या आजीकडून मी ती ऐकली होती, पण अशा किती समजुती आपण ऐकतो. सासऱ्यांच्या मागे सासूबाईंना एवढा एकच मुलगा. कापडाचं दुकान त्याच्याच जिवावर. आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्याला विषमज्वर झाला.

ते दिवस मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. ताप उतरेना. सासूबाई त्यांच्या उशाशी बसत आणि मी पाणी घेऊन आत गेले की माझ्या तोंडाकडे बघत. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मी रात्र रात्र जागून काढू लागले, की झोपले नाही तर दात तरी वाजणार नाहीत. पण माणूस किती जागेल?

ताप उतरला. यजमान उठून बसले, पेज घेऊ लागले. मला वाटलं, संपलं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू थोडे दिवस माहेरी जाऊन ये. वडिलांना कळवते, न्यायला येतील."

"किती दिवस, आत्याबाई?"

"बघू की."

त्या 'बघू'चा अर्थ मला कळला. यजमान अशक्त होते आणि आईपुढे बोलण्याची त्यांना सवय नव्हती. मागच्या दारी भांडी घासता घासता मी रडत होते ते अक्कांनी पाहिलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी डॉक्टर आमच्याकडे आले, न बोलावता. आल्या आल्या मला म्हणाले, "तंगी, तू दात खातेस? आणि मला सांगितलं नाहीस?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू मी कुठली परीक्षा पास झाले होते.

डॉक्टर ज्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणत त्या सासूबाई पदर सावरत बाहेर आल्या. "डॉक्टर, हा घरातला विषय आहे."

"होय अव्वा, घरातलाच. तिला पाठवायची तर पाठवा. मी मध्ये पडत नाही. पण आधी मला एकदा बघू द्या. रात्रीचा तो आवाज आम्ही उंदरांचा समजत होतो. भिंतीपलीकडे ऐकू येईल इतक्या जोराने दात खाणारं माणूस सारखं कुठे मिळतं?"

त्यांना माझी दया आली होती, असं मी म्हणणार नाही. त्यांना खरंच बघायचं होतं. खिशातून त्यांनी मेणाच्या तीन पट्ट्या काढल्या. ही दातांत धरून झोपायचं आणि सकाळी मला द्यायची, म्हणाले. एक मला, एक यजमानांना, एक सासूबाईंना.

"मला कशाला?" सासूबाई एकदम म्हणाल्या.

"अव्वा, आवाज भिंतीतून येतो. तो कुणाचा हे भिंत सांगत नाही. घरात तीन माणसं, तर तीन पट्ट्या."

"माझं वय आहे का ही थेरं करायचं?"

"दाताला वय नसतं. बरं, तुम्ही नाही म्हणालात तर मला शंका येईल."

ते हसत म्हणाले. सासूबाईंनी पट्टी घेतली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ते पुन्हा आले. अक्काही आल्या होत्या. खिडकीत तिन्ही पट्ट्या ओळीने ठेवून ते चष्मा कपाळावर सरकवून बघू लागले. यजमानांच्या पट्टीवर दातांचे साधे ठसे होते. माझी पट्टी नांगरलेल्या शेतासारखी झाली होती, एके ठिकाणी तर आरपार भोक. "वा!" ते म्हणाले. "तंगी, वा!" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मग त्यांनी तिसरी पट्टी उचलली. उलटी केली, सुलटी केली. उजेडात धरली. तिच्यावर दातांचे ठसे असे नव्हतेच. दाढांच्या जागी खोल दबलेले खड्डे होते आणि त्या खड्ड्यांत बारीक उभ्या-आडव्या रेघा.

"हे काय?" ते स्वतःशीच म्हणाले. "अशी रेघ दाताची येत नाही. ही तर वीण दिसते."

यजमान अंथरुणात उशीला टेकून बसले होते. त्यांनी हात पुढे केला, पट्टी घेतली. जन्म कापडात गेलेला माणूस. बघताक्षणी म्हणाले, "हे मांजरपाट आहे."

आणि मग त्यांनी आईकडे पाहिलं.

सासूबाई उभ्या होत्या त्या भिंतीला धरून खाली बसल्या. अक्का जवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अव्वा, तुम्ही तोंडात कापड धरून झोपता?"

"लग्न झाल्यापासून," सासूबाई म्हणाल्या.

त्या सांगत गेल्या ते तुटक तुटक. त्याही दात खात. नवी सून म्हणून आल्या तेव्हा त्यांच्या सासूने ऐकलं होतं. त्याच साली प्लेग आला आणि धाकटा दीर गेला. कोवळं पोर. "सासूबाई मला म्हणाल्या, तू खाल्लंस त्याला. सगळ्यांच्या देखत. तेव्हापासून मी कापडाची घडी करून दाढेत धरते. याच्या बाबांनासुद्धा कधी कळू दिलं नाही. एकदा ताप आला होता मला, शुद्ध नव्हती, तेव्हा घडी राहिली. त्यानंतरच हे गेले." त्या माझ्याकडे वळल्या. "तुझा आवाज ऐकला की मी उठून देवाला हात जोडायची गं. माझं कापड होतं. तुझं नव्हतं. माझा पोरगा राहतो का जातो, असं झालं मला."

मला त्यांचा इतके दिवस राग होता. तो कुठे गेला कळलं नाही. मी जाऊन त्यांचा हात धरला.

डॉक्टर त्यांच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसले. "अव्वा, आ करा," म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. सासूबाईंनी लहान मुलासारखं तोंड उघडलं. त्यांनी खिडकीकडे तोंड वळवून एका बाजूच्या दाढा पाहिल्या, मग दुसऱ्या बाजूच्या. दाढा झिजून पाट्यासारख्या सपाट झाल्या होत्या.

"मी सगळं बघितलं," ते म्हणाले. "तुम्ही जे खाल्लंत ते इथे दिसतंय. तुमच्या स्वतःच्या दाढा तेवढ्या खाल्ल्यात. दुसरं काही खाल्लेलं नाही."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या. यजमान उठले, त्यांना चालवत नव्हतं तरी उठून आईजवळ येऊन बसले.

मला न्यायला कुणी आलं नाही, कारण कळवलंच नाही कुणी. डॉक्टरांनी दोन गाद्या केल्या, एक माझी आणि एक सासूबाईंची. माझी पटकन जमली. सासूबाईंच्या झिजलेल्या दाढांवर रबर ठरेना. ते घासून, कानस लावून, पुन्हा शिजवून अखेर बसलं. ते आधीच सांगून मोकळे झाले होते, "यानं दात खाणं थांबायचं नाही. ते का होतं मला ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दात मात्र वाचतील, आणि आवाज भिंतीबाहेर जायचा नाही."

त्या वर्षी दिवाळीनंतर सासूबाई म्हणाल्या, मिरजेला बहिणीकडे जाऊन येते. यजमान बघतच राहिले. त्यांना आठवत होतं तेव्हापासून आई कुणाकडे मुक्कामाला राहिली नव्हती. लग्नकार्याला गेली तरी त्याच दिवशी परत. आजवर आम्हाला वाटे, त्यांना दुसऱ्याच्या घरचं रुचत नाही. त्या बहिणीने किती वर्षं रुसून काढली होती.

त्या गेल्या, चांगल्या राहिल्या, आणि परत आल्या त्या दिवशी डॉक्टर दारात हजर. प्रवास कसा झाला वगैरे काही नाही. "अव्वा, गादी दाखवा. परक्या घरी माणूस जास्त दात खातं असं मला वाटतं. बघायचंय."

सासूबाईंनी पिशवीतून डबी काढून दिली. त्यांनी गादी उजेडात धरली, बोट फिरवलं, पुन्हा पाहिली.

"हिच्यावर एक ओरखडा नाही नवा! वापरली नाहीत?"

"कशी वापरणार?" सासूबाई म्हणाल्या. "तोंडात घातल्यावर बोलता येत नाही की हो. आणि आम्ही दोघी बहिणी... एवढ्या वर्षांचं साठलेलं. पहाटे कोंबडा आरवायचा तेव्हा कळायचं, आज पण झोपलो नाही म्हणून."

आणि त्या हसल्या, तोंडावर पदर न घेता. डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग, मला वाटतं त्यांच्या सबंध आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी दात सोडून माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.